उन्हाची पूड

आकारामदादा मूळचे उंब्रजचे. त्यांचे वडील बैलगाड्या रंगवायचे. पंधराव्या वर्षी दादा घरातून पळाले आणि एका फिरत्या नाटक कंपनीत जाऊन राहिले. आधी रंगपटात पाणी भरलं, मग रंग कालवले, मग हळूहळू नटांच्या तोंडाला रंग लावायला लागले. वीसेक वर्षांनी कंपनी बंद पडली तेव्हा ते सांगलीत आले आणि गणपती पेठेमागच्या एका बोळात दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. दिवसा पाट्या आणि संध्याकाळी हौशी मंडळींच्या नाटकांची तोंडं, असं त्यांचं चाललेलं असायचं.

मी त्यांना ओळखायला लागले ते १९७४ साली. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. आमचं घर हळदीच्या व्यापाऱ्याचं. उन्हातान्हात जायचा प्रसंग मला कधी आला नव्हता. रंगाने मी गोरी, आणि वर्गातल्या मुली मला मागून 'कस्तुरीबाई दूधपेढा' म्हणायच्या हेही मला ठाऊक होतं.

माझे चुलतभाऊ शांतिनाथअण्णा यांनी त्या वर्षी एक नाटक लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात माण तालुक्यात खडी फोडायच्या कामावर गेलेल्या एका बाईची ती गोष्ट. साताऱ्याला हौशी संस्थांची नाट्यस्पर्धा होती, तिथे ते करायचं ठरलं. नायिका बया, आणि बयाचं काम मला दिलं. भाषा मी घासूनपुसून बसवली, हातोडा धरायला शिकले. सगळं जमत होतं, फक्त तोंड जमत नव्हतं.

रंगीत तालमीला दादांनी मुंबईहून मागवलेली तपकिरी रंगाची कांडी काढली आणि ती तेलात मऊ करून माझ्या तोंडाला चोपडली. आरशात पाहिलं तर मी उन्हात रापलेली बाई नव्हतेच. भट्टीतून काढलेली वीट दिसत होते. अण्णा तिसऱ्या रांगेतून ओरडले, "अगं, चेहरा हलतच नाही तुझा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर पुरळ. आई म्हणाली, "पुरे झालं नाटक." मी शाळेत रजेचा अर्ज पाठवला आणि दादांना निरोप धाडला.

ते तासाभरात आले. दारात चपला काढल्या, पण आत बसले नाहीत. मला खिडकीशी उभं केलं आणि लांबूनच, हात मागे बांधून, माझा चेहरा बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, हे माज्या हातानं झालं."

"रंगानं झालं, दादा. तुम्ही काय करणार?"

"रंग मीच लावला न्हवं? तुमचं कातडं तेलकट हाय. त्यावर मी आनखी तेलाचाच रंग थापला. त्याला दम घ्यायला जागाच ऱ्हायली न्हाई. पैल्या दिवशी हात लावून बघाय पायजे हुतं. मी डबा आधी उघडला आन् तोंड मागनं बघितलं." खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "आन् खरं सांगू का? पुरळ उठलं नसतं तरीबी त्यो रंग खोटाच हुता. माणातलं ऊन मी कवा बघितलंच न्हाई."

त्यांचं वय तेव्हा साठीला आलं होतं. इतकी वर्षं काम केलेला माणूस एका मुलीसमोर असं बोलतो, हे मला नवीन होतं. आमच्या शाळेत तर साधी शुद्धलेखनाची चूकही कुणी कबूल करत नसे.

पुरळ बसायला आठ दिवस लागले. त्यानंतर दहिवडीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं विट्यावरून जाणाऱ्या एसटीत बसलो. आईची समजूत अण्णांनी घातली. दादांच्या मांडीवर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात तांबडी काव, पिवळी पिवडी, पांढरं शंखजिरं, जाळलेल्या करवंटीची काळी पूड अशा पुड्या. मायणीच्या पुढे झाडं विरळ झाली आणि जमीन पांढुरकी दिसायला लागली, तेव्हा दादांनी पेटीवरचा हात उचलून डोळ्यांवर धरला आणि दहिवडी येईपर्यंत ते बाहेर बघत राहिले.

बाजारात मात्र फजिती झाली. दादा एकेका बाईच्या तोंडाकडे टक लावून बघत चालले होते. मटकी आणि हुलग्यांची पोती मांडून बसलेली एक बाई उठूनच उभी राहिली.

"काय रं म्हाताऱ्या? तोंडाला काय सोनं लागलंय का माज्या?"

दादांनी दोन्ही हात जोडले. "माय, चुकलं. मी नाटकातला रंगारी. हिला दुष्काळी कामावरची बाई करायची हाय. तिचं तोंड रंगवायचं म्हंजे कसं, ते शिकाय आलोय."

बाईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खो खो हसली. "ही? ही खडी फोडनार?" हसणं थांबल्यावर ती खाली बसली आणि मला म्हणाली, "बस हितं."

तिचं नाव मनुबाई. बहात्तर साली अकरा महिने ती कामावर होती. नवरा मुंबईला गोदीत. तिनं मला पोत्याशेजारी बसवलं आणि आपला हात पुढे केला. मग हिरव्या बांगड्या जोर लावून कोपराकडे सरकवल्या. खालचं कातडं कोवळं, गव्हाळ होतं. त्याच्या अलीकडे पलीकडे हात करपलेला.

"बगितलंस? ऊन समद्याला सारकं लागत न्हाई." तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला. कपाळावर आडवी रेघ ओढावी तसे दोन रंग होते. वर फिकट पट्टा, खाली काळसर तांबूस. "हितवर पदर. त्याच्या खाली ऊन. आन् निस्तं वरनं न्हाई लागत, बाई. दगुड तापला की खालनंबी मारतुय. नाकाचं बोंड, गालाची हाडं, ही जागा पैली जळती. डोळ्याच्या खळीत न्हाई जळत. आमी डोळं बारीक करून बसतो न्हवं, मग सुरकुतीच्या आत पांढरं ऱ्हातं."

दादा गुडघ्यांवर बसले होते. विचारून विचारून, तिला हात न लावता, ते बघत होते. पेटी उघडून त्यांनी आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूला काव आणि पिवडी बोटानं घासली, तिच्या गालाशेजारी मनगट धरलं, पुसलं, पुन्हा घासलं. असं अकरा बारा वेळा झालं. मनुबाईला आता गंमत वाटायला लागली होती. "आजून तांबडं," ती सांगायची. "न्हाई, हे निस्तं काळं झालं. ऊन काळं नसतं. आतनं लाल असतंय." शेवटी एकदा तिनं मान डोलावली. दादांच्या मनगटावरचा रंग आणि तिचा गाल यांत फरक राहिला नव्हता.

निघताना मी मटकी घ्यायला लागले तर तिनं मापावर दोन मुठी जास्त घातल्या. तिला नाटकाला बोलावलं, पण साताऱ्याला यायला तिला सवड कुठली. ती पुन्हा कधी भेटली नाही.

दहिवडीत सापडलेला रंग जसाच्या तसा मला लावता येत नव्हता. माझ्या गोऱ्या कातड्यावर तो वेगळाच दिसायचा, म्हणून दादांनी पिवडी वाढवली आणि काव एकेक चिमूट घालत गेले. पूड मलमलीच्या फडक्यातून चार वेळा चाळली. आधी हनुवटीखाली इवलीशी लावायची, दिवसभर ठेवायची आणि संध्याकाळी तिथे खाज सुटली का विचारायचं, असं सहा दिवस चाललं. तेलाचा थेंबही नाही. तोंड गार पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, मग मऊ कुंचल्यानं पूड नुसती झटकायची. आधी गालाची हाडं, मग नाकाचा शेंडा, मग कपाळ, पण पदराच्या रेघेपर्यंतच. हातांना कोपरापर्यंत, बांगड्यांची जागा सोडून. एकदम गडद कधीच नाही. एक हात झटकला की मला उजेडात नेऊन बघायचे, मग दुसरा.

मुकादमाचं काम मदन करत होता. तो बँकेत कारकून होता. त्याला मी म्हटलं, "तुझी मजा आहे, आयती माझीच पूड घे." दादांनी मान हलवली. मदनचं कातडं कोरडं, थंडीत सालं निघायची. त्याच्यावर नुसती पूड भेगांत जाऊन बसली असती. त्याच्यासाठी त्यांनी तळहातावर खोबरेलाचे दोन थेंब घेतले, त्यात रंग कालवला आणि बोटांनी दाबत दाबत लावला. तोच रंग, पण वागवायची रीत वेगळी. मी वर्गात पन्नास मुलींना एकच धडा एकाच आवाजात शिकवत होते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं.

साताऱ्याचा प्रयोग डिसेंबरात झाला. बाहेर थंडी होती, पण दिव्यांखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. पूड हलली नाही. घाम आला तसा चेहरा उलट जास्तच उन्हातला दिसायला लागला, असं अण्णा नंतर म्हणाले.

तिसऱ्या प्रवेशात मुकादम बयाची खडीची पाटी लाथेनं उडवतो आणि ती पदर डोक्यावरून ओढून कमरेला खोचते. मी पदर ओढला. माझ्या कपाळावरचा तो फिकट पट्टा दिव्यात आला आणि बायकांच्या बाजूनं "अगं बाई!" असा आवाज उठला. पुढचं वाक्य बोलायला मला क्षणभर थांबावं लागलं.

नाटक संपल्यावर लगेच परीक्षकांनी दोन शब्द बोलायची तिथे पद्धत होती. आम्ही सगळे त्याच वेषात रंगमंचावर उभे. परीक्षक पुण्याचे, वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी लेखनाचं कौतुक केलं. मग म्हणाले, "मुख्य भूमिकेसाठी संस्थेनं एका खऱ्या कष्टकरी बाईंना उभं केलं, हे धाडस मला आवडलं. मात्र रंगभूषेचे गुण मला देता आलेले नाहीत, कारण ती केलेलीच नाही. स्पर्धेला नियम असतात."

अण्णांचा चेहरा उतरला. मी विंगेकडे पाहिलं. दादा पेटी काखेत धरून उभे होते आणि हसत होते. राग तर नाहीच, एखाद्याला परीक्षेत पहिला नंबर मिळाल्यावर येतं तसं हसू. त्यांनी मला हातानं खूण केली, जाऊ द्या.

माझ्याच्यानं जाऊ देववेना. रंगमंचावर कामावरचा पाण्याचा माठ ठेवला होता. मी पदराचा शेव त्यात बुडवला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत अर्धं तोंड पुसलं. मग पुढे जाऊन दिव्यात उभी राहिले.

"सर, मी शाळेत शिकवते. आमचा हळदीचा व्यापार आहे. मी आयुष्यात एक दगड फोडलेला नाही."

 परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते पायऱ्या चढून वर आले आणि माझ्या तोंडाच्या दोन बाजू जवळून बघितल्या. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. आम्ही दादांना अक्षरशः ढकलत पुढे आणलं. टाळ्या सुरू झाल्या त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. दादा मात्र खालमानेनं उभे. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पुसायला नको हुतं. कडंनं डाग ऱ्हायलेत बगा."

गुणपत्रिकेवर सही होऊन गेली होती, त्यामुळे गुण बदलले नाहीत. रंगभूषेचं बक्षीस एका पौराणिक नाटकाला मिळालं, आमचा तिसरा नंबर आला. पण परीक्षकांनी पुण्याची रात्रीची गाडी सोडून दिली आणि सकाळी धर्मशाळेत येऊन दादांशी दोन तास बोलत बसले. जाताना मनगटावर ती पूड लावून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात साताऱ्यात त्यांनीच रंगभूषेचं शिबिर भरवलं आणि शिकवायला दादांना बोलावलं. मी मदतीला गेले. सोळा जण आले होते. पहिला दिवसभर दादांनी डबा उघडलाच नाही. सगळ्यांना तोंड धुवायला लावलं आणि अंगणात नेऊन एकमेकांचे चेहरे नुसते बघायला सांगितले. कुणाचं कातडं तेलकट, कुणाचं कोरडं, कुणाला ऊन कुठे लागलंय, हे सांगितल्याशिवाय कुणाला कुंचला मिळाला नाही.

त्यांत मेढ्याची एक मुलगी होती. लीला तिचं नाव. रंगानं चांगलीच सावळी. ती तीन दिवस मागेच बसली. चौथ्या दिवशी दादांजवळ येऊन म्हणाली, "मला सफेदा लावायचं शिकवा. आमच्याकडं मला राणीचं काम देत न्हाईत."

दादांनी तिला खिडकीशी उभं केलं, हात मागे बांधले आणि बराच वेळ पाहिलं. मग पेटीतून एक पुडी काढली. काव जास्त, पिवडी थोडी, तांब्याच्या भांड्याला घासल्यावर येते तशी झळाळी. तिच्या गालांच्या हाडांवर, नाकाच्या रेघेवर आणि पापण्यांच्या वर ती इतकी हलकी झटकली की लावली का नाही कळेना.

"आता उजेडाकडं तोंड कर," ते म्हणाले.

लीलानं मान फिरवली. मी हातात आरसा घेऊन उभी होते, पण तो पुढे करायचं विसरले, कारण मीच तिच्याकडे बघत राहिले होते. शेवटी तिनं माझ्या हातून आरसा ओढून घेतला.  बराच वेळ आरशात बघत राहिली, मग पुडीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "ह्यात काय काय हाय, ते लिहून द्याल का?"

दादांना लिहिता येत होतं ते फक्त पाट्यांवरचं, मोठ्या अक्षरांत. त्यांनी तिची वही घेतली आणि पानभर लिहून दिलं.