टेकडीवरचे चौदा दगड

बासिलिसाने सकाळपासून चौथ्यांदा खिडकीचा पडदा सारला. एरवी ही बाई गाडीच्या आवाजाला भीक घालणारी नव्हे. पण आज सोरिया शहरातून पुरातत्त्व खात्याच्या बाई यायच्या होत्या, आणि तिचा पाय घरात ठरत नव्हता.

गेली चाळीस वर्षं ती गावाला एकच गोष्ट सांगत आली होती. मागच्या टेकडीवरचे ते टोकदार दगड आपोआप उगवलेले नाहीत, माणसांनी रोवलेत. रोमन लोक यायच्या आधी तिथे केल्टिबेरियन लोकांचं तटबंदीचं गाव होतं, आणि शत्रूचे घोडे तटाला भिडू नयेत म्हणून त्यांनी तटापुढे दगडांचं रान उभं केलं. यावर अख्खं वालदेकोर्सो गाव तिला हसायचं. सगळ्यांत मोठ्याने हसायचा तो तिचा स्वतःचा नवरा, लेओन्सिओ.

"माझ्या आजाची मेंढरं बसायची तिथे," तो म्हणायचा. "त्यांनीच रोवले असतील, रिकामपणी."

आज या वादाचा निकाल लागणार होता. बाई 'हो' म्हणाल्या तर टेकडीची सरकारदरबारी नोंद. 'नाही' म्हणाल्या तर बासिलिसाने उरलेलं आयुष्य गावात तोंड कसं दाखवायचं ते बघायचं.

बाईंचं नाव कासिल्दा. तिशी-पस्तिशीची, बुटांना कुठल्या तरी दुसऱ्याच टेकडीचा चिखल. बासिलिसाने पाव आणि चोरिसो सॉसेज मांडून ठेवलं होतं, तिकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. "खाणं नंतर. आधी टेकडी," म्हणाली. बासिलिसाला ती तिथल्या तिथे आवडून गेली.

सरपंच आबुंदिओ आणि लेओन्सिओही बरोबर निघाले. सदुसष्ट वर्षांची बासिलिसा सगळ्यांच्या पुढे, आणि बाकीचे मागे धापा टाकतायत.

"गुडघे दुखतात म्हणून रात्री कण्हत होतीस ना?" लेओन्सिओ मागून ओरडला.

"ते तुझ्याबरोबर चालताना दुखतात."

वर पोचल्यावर तिने तट दाखवला. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. कासिल्दाने फीत लावून जाडी मोजली आणि मान डोलावली. "झकास आहे. पण तट काय, मेंढपाळही बांधतात. मला ते दगड दाखवा. या वर्षी नऊ टेकड्या पाहिल्या मी, त्यातल्या सात ठिकाणी नुसता थंडीने फुटलेला खडक निघाला."

"इथे नाही निघणार," बासिलिसा म्हणाली आणि तटाचा कोपरा वळून अक्षरशः पळत सुटली.

आणि तिथेच थबकली. दगडांच्या रानातून मधोमध एक वाट काढलेली होती, ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद. उपटलेले दगड कडेला एकावर एक रचलेले, आणि बाईंना टेकायला वर एक फळी.

"काल आथेन्देरा केली," आबुंदिओ छाती फुगवून म्हणाला. "घंटा वाजवली, घरटी एक माणूस. पाहुण्यांचा पाय मुरगळला तर गावाची काय शोभा?"

घंटा बासिलिसाने ऐकली होती. नेहमीसारखे गावकीच्या श्रमदानाला, पाटातला गाळ काढायला जमले असतील असं तिला वाटलं. घरातून लेओन्सिओ गेला होता.

"अरे गाढवांनो," ती म्हणाली, "जे दाखवायला बाईंना बोलावलं तेच उपटून ठेवलंत?"

कासिल्दा रिकाम्या खड्ड्यांकडे बघत उभी होती. "आता हे रोवलेले होते असं मी कशाच्या जोरावर लिहू?"

सरपंचाला हा आपल्या कष्टांचा अपमान वाटला. "रोवलेले नव्हते म्हणता? अहो, कंबरडं मोडलं आमचं. हात-हातभर खाली गेलेले, आणि बुडाशी चारी बाजूंनी चपट्या दगडांच्या पाचरी ठोकलेल्या. त्या आधी उचकटायच्या, मग कुठे दगड हलायचा."

"पाचरी?" कासिल्दाने पाठीवरची पिशवी खाली टाकली. "प्रत्येकाला?"

"चौदाच्या चौदांना."

ती गुडघ्यांवर बसून खड्ड्यात वाकली. मग उठून वाटेच्या पलीकडच्या झुडपांत घुसली. तिथे दगड जागच्या जागी होते, रांगच्या रांग. एकाच्या बुडाशी तिने छोट्या थापीने माती खरवडली, फुंकर मारली, पुन्हा खरवडली.

"बासिलिसाबाई, इकडे या. हात लावून बघा."

तीन पाचरी, घट्ट बसवलेल्या.

"फुटका खडक स्वतःला पाचरी ठोकून घेत नाही," कासिल्दा म्हणाली. "हे रोवलेत. दोन हजार वर्षांच्याही आधी. तुमचं खरं आहे."

बासिलिसा हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने त्या बाईला एवढं घट्ट मिठीत घेतलं की थापी खाली पडली. आबुंदिओ तर जणू शोध त्यानेच लावल्यासारखा गावात फोन करत सुटला.

लेओन्सिओ मात्र फळीवर टोपी हातात घेऊन बसला होता. ती जवळ आली तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"मला कालच कळलं होतं," तो म्हणाला. "तिसऱ्या दगडाशी. मेंढवाड्याला असलं काम कुणी करत नाही."

"मग चौथा का उपटलास?"

त्याने टोपी दोनदा फिरवली. "सगळे बघत होते. पहार खाली ठेवली असती तर म्हणाले असते, लेओन्सिओ आता बायकोचं ऐकायला लागला."

बासिलिसाने कडेला रचलेले दगड बोटाने मोजले.

"चाळीस वर्षं हसलास, ते माफ," ती म्हणाली. "पहिले तीन दगडही माफ. बाकीचे अकरा नाही."

झुडपांतून कासिल्दाची हाक आली, दुसरी रांग सापडली होती. बासिलिसा फांद्या बाजूला सारत तिच्याकडे निघाली.