आबांचे एकतीस जवान

सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात एकतीस पांढऱ्या पेशी होत्या. शेजारच्या क्षेत्रात सत्तावीस. कर्करोगाच्या गाठीच्या आत शिरलेल्या फक्त दोन. काचपट्टी माझ्या वडिलांच्या, आबांच्या प्रोस्टेटची होती. एम.एस्सी. झाल्यावर सांगलीच्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले, तिथेच ती तपासणीला आली होती. या रोगाचा जोर दाखवणारा रक्तातला पीएसए चारच्या आत असायला हवा, तो ८६ होता.

ही गाठ वृषणांतून येणाऱ्या संप्रेरकावर पोसते, म्हणून डॉक्टरांनी वृषणंच काढायला सांगितली होती. आबांनी साफ नकार दिला. नाथाजी हवालदार, अठरा वर्षं लष्करात आणि त्याआधी सहा वर्षं तालमीत. मला बैलागत बडवून खच्ची व्हायचं न्हाई, एवढंच बोलून ते कडेगावला परतले आणि त्यांनी महिन्याचा खुराक सुरू केला. दोन लिटर दूध, बदामाची थंडाई, सहा अंडी. अंगात ताकद आली की रोग चीत होतो, अशी तालमीतली समजूत. आई, बनुबाई, पाट्यावर बदाम वाटत होती.

महिना संपला त्या शनिवारी मी घरी गेले. आबांचं वजन तीन किलोंनी वाढलं होतं, पण रोगामुळं सुरू झालेली पाठदुखीही वाढली होती.

"नंदा, रक्तात जवान असत्यात म्हनतेस. मग लढत का न्हाईत? भ्याले व्हय?"

मी सांगितलं की जवान आहेत, मी मोजलेत. जखम भरत आली की शरीर एक वाढघटक सोडतं आणि लढणाऱ्या पेशींना शांत करतं. प्रोस्टेटची गाठही तोच पदार्थ बनवते आणि भोवतीच्या पेशी थंडावतात, असं नव्या शोधनिबंधांत आलं आहे. त्यांच्या पट्टीवर मला पेशी दिसल्या, तो पदार्थ दिसला नाही, हेही सांगितलं.

आबांनी दुधाचा पेला खाली ठेवला.

"म्हंजे वायरलेसवर हुकूम आपलाच, पर देनारा दुस्मन."

"व्हय."

"मग पोरं भ्याली न्हाईत."

"न्हाई, आबा."

त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. खुराकानं जवान वाढले तरी त्यांनाही तोच हुकूम ऐकू येणार, हे त्यांनीच बोलून दाखवलं. ऑपरेशननं गाठीची रसद तुटते, हेही पटलं. पण बैल काही मनातून जाईना.

आईनं वरवंटा बाजूला ठेवला.

"आवं, आपला मोऱ्या बडवल्यावर बारा वर्सं राबला. शिवारात त्याच्या तोडीचा बैल न्हवता. मला तुमी अजून बारा वर्सं पायजेत."

आबांनी पेला आईकडे सरकवला. मग म्हणाले, "त्याला पेंड घालत हुतीस, तेवडी मलाबी घाल."

सोमवारी ते माझ्यासोबत सांगलीला आले. गुरुवारी ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी त्यांचं रक्त मीच काढलं. पीएसए १.९ आला.