शिवणबाई सभासद झाल्या

शिवणबाई अधिवेशनाला आल्या त्या केवळ धाकट्या बहिणीच्या हट्टापायी. बहीण संगणक शिकवायची आणि वर्गात तंत्रज्ञान वापरणाऱ्या शिक्षकांच्या संघटनेची चिटणीस होती.

दुपारी एका वक्त्याला ताप भरल्याचा निरोप आला. "कुणी पाच मिनिटं बोलेल का?" अध्यक्षांनी विचारलं. सगळ्यांनी वह्यांत डोकी खुपसली. बहिणीने माईक उचलला. "माझी ताई बोलेल."

शिवणबाईंनी तिचा पदर ओढला. "अगं, मी कुठं तुमची सभासद आहे?"

"बोल तर खरं."

भीत भीत त्या बोलल्या. शिवणाच्या वर्गात मुली चौतीस, यंत्र एक. सुई बघायला सगळ्या वाकायच्या आणि डोक्यावर डोकी आपटायची. म्हणून त्यांनी फोनच यंत्राला बांधला आणि चित्र भिंतीवरच्या पडद्यावर सोडलं.

"सुई माझ्याहून उंच दिसते. मागच्या बाकावरची पोरगी मलाच सांगते, बाई, तुमचा टाका सुटला."

"फोन बांधता कशानं?" कुणीतरी विचारलं.

"चड्डीच्या इलॅस्टिकनं," त्या बोलून गेल्या.

सभागृह खो-खो हसलं. बाईंनी आधी जीभ चावली, मग त्यांनाही हसू आवरेना. हसता हसता भीती कुठल्या कुठे पळाली. अध्यक्षांच्या कोटाचं बटण लोंबत होतं. बाईंनी पर्समधून सुईदोरा काढला, फोन सभागृहातल्या पडद्याला जोडून बहिणीला धरायला लावला आणि तिथंच ते शिवलं. पडद्यावर ताटाएवढं बटण बघून मागचे लोक उभेच राहिले.

"यांना आजच सभासद करून घ्या," अध्यक्ष म्हणाले.

"पण नियमात 'यंत्राचा जाणकार' असं आहे," खजिनदार कुरकुरले.

"मग शिवणयंत्र काय भाजी आहे?"

भराभर हात वर झाले. खजिनदारांचाही झाला, जरा उशिरा.

दोघी बहिणी जिना उतरल्या त्या शाळेतल्या पोरींसारख्या एकमेकींना ढकलत. त्या नादात भलत्याच बसमध्ये चढल्या आणि पार शेवटच्या थांब्यावर पोचल्या. तिथल्या बाकावर बसून शिवणबाईंनी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, मी सभासद झाले."

"कशाची?"

"नाव फार लांब आहे हो. घरी आल्यावर वाचून दाखवते."

"आणि येणार कधी?"

शिवणबाईंनी आजूबाजूला पाहिलं. "आधी आम्ही कुठं आहोत ते विचारते कुणाला तरी," त्या म्हणाल्या, आणि बहिणीला पुन्हा हसू फुटलं.