चमक नसलेली डबी

दिवाळीला भिलाईला येताना अनुजाने बॅगेत शुद्ध ॲल्युमिनियमची वीतभर कांडी आणली होती. सोमवारपासून मुंबईच्या अणुभट्टीवर तिला प्रयोगासाठी पाच दिवस मिळाले होते. ते वर्षातून एकदाच मिळत. नमुना ठेवायच्या डबीचे आटे झिजले होते आणि संस्थेचं वर्कशॉप सुट्टीमुळे बंद होतं.

कॅम्प-१ वस्तीतल्या घरामागे, पत्र्याखाली बाबांचं लेथ मशीन होतं. बाबा, म्हणजे भाऊराव, पोलादाच्या प्लांटच्या मशीन शॉपमधून निवृत्त झालेले. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा हलका झटका आला, तेव्हापासून त्यांनी मशीन सुरू केलं नव्हतं. अनुजाने नव्या डबीचं ड्रॉइंग त्यांच्यापुढे ठेवलं.

"तुले दुसरा कोणी नाही भेटला?" ते म्हणाले, पण चष्मा पुसून त्यांनी ड्रॉइंग हातात घेतलं.

"ही डबी अतिवाहक चुंबकाच्या मधोमध लटकते, बाबा. द्रव हेलियममुळे तिथं शून्याखाली दोनशे एकाहत्तर अंश थंडी. अणुभट्टीतून येणारे न्यूट्रॉन ॲल्युमिनियममधून आरपार जातात आणि आतल्या नमुन्याच्या स्फटिकाला भिडतात. फक्त लोखंडाचा कण नको. चुंबकात तो आपलंच गाणं गात बसेल."

"सदतीस वर्षं लोखंडानंच पोसलं आपल्याले," बाबा म्हणाले. "आता त्यालेच घराबाहेर काढतं!"

दोन दिवस मशीन चाललं. हात थरथरला की ते थांबत, मूठ उघडझाक करत, पुन्हा सुरू करत. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी डबी तिच्या तळहातावर ठेवली. बोटाएवढी, अर्ध्या मिलिमीटरच्या भिंतीची, आरशासारखी.

"लग्नातले भांडे एवढे नाही घासले कधी," आई म्हणाली.

अनुजाने डबी दोऱ्याला टांगली आणि जवळ छोटा, ताकदवान चुंबक नेला. डबी किंचित चुंबकाकडे कलली. तिने झटकन चुंबक मागे घेतला.

"छान झाली, बाबा."

"हालली न व?"

"थोडीशीच. चालेल."

"मी इन्स्पेक्शनवाल्यायले सदतीस वर्षं हेच सांगतलं. थोडंसंच, चालते." ते हसले नाहीत. "खरं सांग."

"नाही चालणार," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

बाबांनी पॉलिशच्या चाकावरून बोट फिरवलं. "या चाकावर पोलादच घासलं जन्मभर. मऊ धातूत कण रुतले. आता वरचा थर काढाले जागाच नाही." मग त्यांनी कांडी उचलली. "किती उरली?"

"एक डबी होईल. पण बाबा, उद्या दुपारी गाडी आहे. तुमचा हात..."

"हात माहा आहे. तू लेथचं नवीन पातं आण. आन् ते टेबल साबणानं धू."

शनिवारी सकाळी दुसरी डबी तयार झाली. दोरा सरळ राहिला. अनुजाने तीनदा तपासलं. पण बाबा ती सोडेनात. डबीवर पात्याच्या बारीक रेघा होत्या. त्यांच्या हातचं काम चमकवल्याशिवाय कधी बाहेर गेलं नव्हतं.

"न्यूट्रॉनला चमक दिसत नाही, बाबा."

"त्याले दिसत नसन. मले दिसते न."

त्यांचा अंगठा त्या रेघांवरून एकदा फिरला. एकदा त्यांनी चाकाकडेही पाहिलं. मग डबी आईच्या धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून त्यांनी अनुजापुढे धरली.

"ने," ते म्हणाले. "अशीच ने."