उजव्या बाजूचं झाकण

मेव्हण्याने मला न विचारता मोटरसायकलच्या इंजिनाला चंदेरी रंग फासला. मी बहिणीकडे गेलो होतो. परत आलो तर इंजिन स्टीलच्या नव्या डब्यासारखं चकाकत होतं आणि हा शेजारी हात पुसत उभा.

"भाऊजी, नवीच दिसते की नाही? आता गिऱ्हाईक डोळे झाकून घेईल."

"विकायची असं कोणी सांगितलं?"

"ताई गेली. तुम्हाला चालवता येत नाही. नुसती उभी ठेवून काय करणार?"

येत नाही हे खरं आहे. गाडी बायकोची. ती घरोघरी जाऊन शिलाई मशिनी दुरुस्त करायची, मागे हत्यारांची पेटी बांधून. कधी पेटीच्या जागी मी बसायचो आणि वाटभर सूचना द्यायचो. ती म्हणायची, "पेटी बरी, गप्प तरी बसते."

इंजिनाच्या उजव्या झाकणावर तिच्या बुटाची कड घासून काळा रंग उडाला होता. रुपयाएवढी जागा, खालचा धातू उघडा पडलेला. ती गेल्यापासून मी येता-जाता तिथे अंगठा ठेवायचो. त्याच्यावर याने रंग मारला, तोही तेलाचा राप न पुसता.

लेक कामावरून आली. तिने गाडी चालू केली. इंजिन तापलं तसे रंगाला फोड आले आणि घाण वास सुटला.

"मामा, हा रंग कशाचा?"

"खिडकीच्या गजांचा. थोडा उरला होता."

माझं डोकं फिरलं ते तिथे. माझ्या बायकोच्या गाडीला गजांचा उरलेला रंग. मी त्याला फाटकाबाहेर काढलं आणि म्हटलं, गाडी विकायची नाही, लेक चालवेल.

दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानात गेलो. रंगवाल्याने दोन डबे पुढे ठेवले.

"हा सायलेन्सरचा. उष्णता जास्त सोसतो, पण पेट्रोल सांडलं की उतरतो. तुम्ही हा इंजिनचा न्या. एकदा भाजला की तेल-पेट्रोल काही लागत नाही. चकचकीत देऊ? तोच खपतो."

"मी खपवायला आलो नाही. मंद काळा द्या, होता तसा."

"तर मग जुना रंग सगळा उतरवा. पॉलिश पेपरने कोपरा न कोपरा घासा, गुळगुळीत जागेवर रंग धरत नाही. मग प्रायमर, मग पातळ हात द्या, एकदम थापू नका. वाळला की भाजा. टवका उडाला तर माझं नाव बदला."

तेल काढून झाकण सोडवलं आणि रंग उतरवायचं औषध लावलं. चंदेरी रंग सुरकुतला, त्याच्याबरोबर खालचा काळाही निघाला. फडक्याने पुसलं तर सगळं झाकण एकसारखं पांढरट. तिची खूण कुठेच दिसेना. मेव्हण्याला पुन्हा शिव्या घातल्या. मग अंगठा फिरवला. सगळीकडे खरबरीत लागत होतं, एकाच ठिकाणी काचेसारखं गुळगुळीत.

लेक पॉलिश पेपर घेऊन शेजारी बसली. बाकीचं सगळं घासून झालं.

"बाबा, एवढंच राहिलं."

"राहू दे."

"तिथे रंग धरणार नाही."

"माहीत आहे."

"मग एवढा भारी रंग कशाला आणलात?"

"बाकीच्यासाठी."

तिने पेपरची घडी करून खिशात टाकली.

रंग वाळल्यावर झाकण अडगळीतल्या जुन्या ओव्हनमध्ये ठेवलं. बायकोने त्यात एकदाच केक केला होता आणि मी तो कापायला तिच्या पेटीतली करवत मागितली होती. आधी मंद आच, मग वाढवत नेली, मग बंद करून दार न उघडता निवू दिलं. वासाने डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात मेव्हणा आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"भाऊजी, ती खूण बघून तुम्हाला त्रास होतो, असं वाटलं मला."

"होतो. म्हणून गजांचा रंग फासायचा?"

मी त्याला आत बस म्हटलं नाही. लेकीने म्हटलं.

बाकी इंजिनही तसंच घासून रंगवलं, झाकण गाडीला बसवलं आणि लेक रोज चालवू लागली. बाकी इंजिनावर ओरखडा नाही, पण त्या जागेचा रंग लवकरच सोलून निघाला. एकदा आम्ही दुकानासमोर थांबलो तर रंगवाला बाहेर येऊन खाली वाकला.

"हे तुम्ही घासलं नाही. पोरीचा बूट लागतोय आणि बदनामी माझ्या रंगाची. गाडी ठेवून जा, फुकट करून देतो."

"हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"अहो, रस्त्यात दिसतं ते. लोक विचारतात कोणाचा रंग म्हणून."

"सांगा, मेव्हण्याने दिला."

लेकीने गाडी चालू केली. मी मागे बसलो आणि घर येईपर्यंत रंगवाल्याला नावं ठेवत राहिलो, फुकट म्हणे, कोणी मागितलं होतं फुकट. वळणावर ती मान न वळवता म्हणाली, "पेटी बरी."