आत्याबाईला टर्बो

आत्याबाई म्हणजे गाडी. डिझेलवर चालणारी, चारही चाकांनी ओढणारी, धाकट्याच्या जन्माआधीपासून दारात ठाण मांडून बसलेली. मनात आलं तरच हलायची, हलली की सगळ्या गल्लीला कळायचं, आणि तिच्यापायी कोणाचं कितीही अडलं तरी बाबांसमोर तिला नावं ठेवायची सोय नव्हती. म्हणून आत्याबाई.

बाबांच्या मधमाश्यांच्या पेट्या टेकडीच्या माथ्यावर होत्या. दर रविवारी बाबा, आई आणि धाकटा आत्याबाईत बसून तिकडे जात. आत बसलं की आवाजात आपलेच विचार ऐकू येत नसत, त्यामुळे सगळे गप्प. शेवटचा चढ आला की आत्याबाई मान टाकायची. बाबा गाडी थांबवून म्हणत, "उतरा." आई आणि धाकटा उतरत. मग भार हलका झालेली आत्याबाई सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, गुडघेदुखीच्या माणसासारखी, कण्हत चढू लागे. आई ड्रायव्हरच्या खिडकीवर हात ठेवून शेजारून चाले. धाकटा मागून, धूर खात.

आता, घरात आई-बाबा बोलत नसत. भांडण नव्हतं. भांडायला निदान बोलावं तरी लागतं. बाबा घरी "हं" म्हणत. या "हं"चे बरेच अर्थ होते आणि सगळे सारखेच ऐकू येत. पण चढावर हातात स्टिअरिंग, नजर रस्त्यावर, वर्तमानपत्र घरी, अशा कोंडीत सापडले की बाबा बोलायला लागत. ताईचं लग्न त्या चढावर ठरलं. माडी बांधायचं तिथेच ठरलं. धाकट्याला सायन्सला घालायचं तिथे ठरलं आणि त्याला तिथून काढायचंही तिथेच. आई घरात म्हणायची, "बघू, चढावर बोलू." सगळ्यांच्याच आया असं म्हणतात, अशी धाकट्याची बरीच वर्षं समजूत होती.

एवढं सगळं डोळ्यांसमोर असून धाकट्याने काय केलं, तर बाबांच्या वाढदिवसाला आत्याबाईला टर्बो बसवून दिला.

नवा टर्बो त्याच्या आवाक्यातला नव्हता. मिस्त्रीने भंगारातल्या एका छोट्या ट्रकचा काढून आणला, घासूनपुसून लख्ख केला आणि बोटाने फिरवून दाखवला.

"बघा दादा. भुंगा आहे भुंगा."

"पण हा करतो काय नेमकं?"

"गाडीचा धूर बाहेर पडतो ना, तो जाता जाता हा पंखा फिरवतो. पंखा इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, की जोर जास्त."

"म्हणजे तिच्याच धुराने तिलाच वारा घालायचा."

"तसंच समजा. मी जोर बेताचाच ठेवलाय. म्हाताऱ्या माणसाला पळवायचं नसतं, फक्त बसू द्यायचं नसतं." मिस्त्रीने हात पुसले. "काकांना सांगितलंत?"

"नाही. गंमत आहे."

"माझ्या मेव्हण्याने एकदा सासऱ्याच्या कवळीत अशीच गंमत केली होती."

"मग?"

"मग काही नाही. वेगळे राहतात आता."

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला होता. ती लांबच्या शहरात, विमानानेच जावं लागे एवढ्या लांब. तिचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला आईने यावं, आणि आलीच आहे तर वर्षभर राहावं, म्हणजे ताईची नोकरी टिकेल. आईने जेवताना बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "हं." आई म्हणाली, "रविवारी बोलू."

रविवारी चढ आला. बाबांनी गाडी थांबवली. "उतरा." धाकटा हसू दाबत उतरला. गंमत बाहेरून जास्त चांगली दिसेल, असा त्याचा हिशेब. आईने खिडकीवर हात ठेवला, गिअर पडला आणि आई म्हणाली, "ताईचं म्हणणं असं आहे, की—"

आणि बाबा निघून गेले.

आत्याबाई बारीक शीळ घालत वर सुटली. खिडकीतून बाबांचा चेहरा दिसला तो लिफ्टने भलत्याच मजल्यावर चाललेल्या माणसासारखा. मग वळण आलं आणि तोही दिसेनासा झाला. आईचा हात खिडकी होती तिथे हवेतच राहिला.

"काय झालं तिला?"

"टर्बो," धाकटा म्हणाला.

"बरी होईल ना?"

वर बाबा बॉनेट उघडून उभे होते. धाकट्याने सगळं सांगितलं. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. असा हात त्यांनी याआधी फक्त पेट्यांवर ठेवलेला धाकट्याने पाहिला होता. "छान काम झालंय," ते म्हणाले. "आता कोणाला उतरायला नको."

आई उरलेला चढ चालून आली आणि सरळ पेट्यांकडे गेली. ते अर्धं वाक्य तिने पुरं केलं नाही. तिथेही नाही, परतताना नाही आणि घरी तर नाहीच.

बुधवारी ती फोनवर ताईला सांगत होती, "येते मी. राहते वर्षभर. नाही गं, यांचं काही म्हणणं नाही." यात खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत. संध्याकाळी माळ्यावरची मोठी बॅग खाली आली आणि बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात, पाहुण्यासारखी बसून राहिली. बाबा वळसा घालून जात. धाकटा मात्र दर वेळी तिला अडखळे, आणि आपल्याला लागलं ते बरंच झालं असं त्याला वाटे. जेवायला बसला की नुसताच भात चिवडत राही. आई विचारायची, "मीठ कमी झालं का?" तो म्हणायचा, "नाही, बरोबर आहे." म्हणजे आता खोटं बोलणंही सुरू झालं होतं.

शेवटी तो बाबांपुढे जाऊन उभा राहिला.

"आई वर्षभर चालली आहे."

"हं."

"तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. खोलीतल्या खुर्च्यांकडे, पंख्याकडे, बॅगेकडे एकदा बघितलं.

"इथे?" ते म्हणाले.

धाकटा तसाच चपला घालून मिस्त्रीकडे गेला. "टर्बो काढा."

"का? त्रास देतोय?"

"नाही, चांगला चालतोय."

"मग?"

"तोच त्रास आहे."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. कवळीच्या प्रकरणानंतर त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नसावं. "पुढच्या महिन्यापर्यंत हात रिकामा नाही. आणि चांगलं बसवलेलं मी बिघडवून देत नाही, धंद्याचं नाव जातं." मग तो शेजारीच दुरुस्तीला आलेल्या एका गाडीपाशी गेला आणि त्याने टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपावर बोट ठेवलं. "हा पाइप पट्टीने आवळलेला असतो. पट्टी सैल झाली की पाइप निसटतो, हवा बाहेर जाते आणि गाडी पूर्वीसारखी. हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

"नाही सांगितलंत."

"स्क्रूड्रायव्हर आहे घरी?"

रविवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले असताना धाकट्याने पट्टी सैल केली. वाढदिवसाची भेट देऊन आठवड्यात ती मोडणारा मुलगा त्याच्या तरी ऐकिवात नव्हता. आत्याबाईने एकदाही कुरकुर केली नाही, त्याने तर जास्तच वाईट वाटलं.

सपाटीवर कोणाला काही कळलं नाही. चढ लागला आणि फट्‌ असा आवाज झाला. शीळ थांबली, मागे काळाकुट्ट धूर निघाला आणि आत्याबाईने मान टाकली. बाबा उतरले. बॉनेट उघडलं.

पाइप निसटून लोंबत होता. तो जागच्या जागी बसवायला लहान पोरालाही जमलं असतं. त्याच्या बाजूला पट्टी, तिच्या स्क्रूवर ताजे चकचकीत ओरखडे. धाकट्याला वाटलं, आपलं नावच तिथे कोरलेलं आहे. बाबा वाकून बघत राहिले. मग बॉनेट लावून त्यांनी हात झटकले.

"काही कळत नाही," बाबा म्हणाले. "उतरा."

आईने खिडकीवर हात ठेवला. धाकटा मागून चालू लागला. या वेळचा धूर पूर्वीपेक्षा दाट होता. बाजूने चालायला जागा होती, तरी तो धुरातूनच चालला. पुढचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येत होतं. "…तेव्हाच का नाही…", "…तू विचारलंस कुठे…" पहिल्यांदा आई जास्त बोलत होती, मग बाबा. चढाच्या मध्यावर आत्याबाई चक्क उभी राहिली. तिथे ती कधीच थांबत नसे. इंजिन चालू, ब्रेकचा लाल दिवा लागलेला, आणि खिडकीपाशी आई, मान खाली घालून ऐकत. धाकटा मागे उभा राहून खोकला. खोकला तरी हळूच. बऱ्याच वेळाने दिवा विझला.

वर पोचल्यावर आई त्याच्याकडे आली. डोळे पुसलेले दिसत होते, पण आवाज नेहमीचा. "बाळाने जरा मान धरली की परत येते. आणि मधे हे येऊन जाणार आहेत. यांना विमानाची भीती वाटते, माहीत होतं तुला?"

"नाही."

"मलाही नव्हतं. म्हणून गप्प होते म्हणे." ती त्याच्याकडे निरखून बघत राहिली. "तुझं तोंड का असं काळं?"

"धूर," धाकटा म्हणाला. तेवढं खरं होतं.

आई पेट्यांकडे गेली. बाबांनी बॉनेट उघडलं, पाइप दाबून बसवला आणि न बघता हात मागे केला. धाकट्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात ठेवला. नाही कशाला म्हणायचं?

"बाबा, मी—"

"सैल करायचाच तर वर फडकं बांधायचं," पट्टी आवळत बाबा म्हणाले. "उघड्या पाइपातून धूळ इंजिनात जाते. एवढं तरी कळायला हवं होतं."

"हो."

"टर्बो चांगला आहे. सोमवार ते शनिवार घट्ट राहू दे."

"हो."

"आई गेली की रविवारी खिडकीशी तू चालायचं. तुझ्याशीही बोलायचं आहे मला."

"कशाबद्दल?"

बाबांनी टेकडीवरून चहूकडे नजर फिरवली. आई लांब होती. माणूसकाणूस नव्हतं. वारा होता, पेट्या होत्या, नुसतं मोकळं रान.

"इथे नाही," ते म्हणाले.