समुद्रापलीकडच्या दोन ओळी

टक्! वाढायचा डाव सुनेच्या हातातून निसटून माझ्यावर पडला, आणि सकाळपासून गप्प असलेलं घर दचकलं.

"लागलं नाही ना गं?" आजीने विचारलं. ताटं मांडणाऱ्या सुनेने डाव उचलून पदराला पुसला.

मित्रांनो, मी या घरातलं जुनं जेवणाचं टेबल आहे. ही सून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सुतार नवऱ्याने मला घडवलं. दोन्ही घरची माणसं एकत्र बसावीत म्हणून चांगलं ऐसपैस. एरवी माझ्यावर वह्या, इस्त्रीचे कपडे, न सोललेला लसूण असं काहीबाही पडलेलं असतं. गरम भांडी थेट टेकवल्याने अंगावर डागही उठलेत. पण सणाच्या दिवशी माझा थाट बघावा! एका टोकाला आजीचं झणझणीत कालवण, तिच्या माहेरच्या मसाल्याचं. दुसऱ्या टोकाला आजोबांनी, म्हणजे सुनेच्या वडिलांनी, स्वतः भाजलेला सुकामेव्याचा गोड पाव. ते समुद्रापलीकडून आलेले. पहिल्या घासाआधी माझ्यावर तळहात टेकवून ते आपल्या तिकडच्या, घरात दुसऱ्या कुणालाच न येणाऱ्या भाषेत दोन ओळी म्हणत, आणि सगळे त्यांच्यामागून म्हणत.

"व्याहीबुवा, आटपा की! कालवण गार होतंय."

"होऊ द्या, विहीणबाई. गार झालं तरी ते जीभ भाजतंच!"

मग असे काही हसायचे सगळे, की माझे पाय डगडगायचे.

आजही सण आहे, पण आजोबा गेल्यानंतरचा पहिला. बापाच्या घरचं काहीतरी आज माझ्यावर असावं, एवढीच सुनेची धडपड. तिने भाजलेला पाव मधोमध कच्चा राहिला. आजीने कालवणात तिखट बेतानेच घातलं होतं.

ताटं वाढून झाली, पण घास कुणी उचलेना. शेवटी सुनेच्या धाकट्या लेकीने, चिंगीने, आपला चिमुकला तळहात माझ्यावर टेकवला आणि त्या दोन ओळी खडाखडा म्हटल्या. सगळे मागून म्हणाले. आजीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. सुनेने पदराने डोळे टिपले.

मित्रांनो, माझे डाग काय, रंधा मारला की जातील. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी घटकाभर बसत जा. विचारायचं ते वेळेवर विचारून घ्या. आम्हा लाकडांना ते जमत नाही, तुम्हाला जमतं.

चिंगीने घास तोंडाशी नेला आणि ती थांबली.

"आई, आपण हे म्हणतो ना, त्याचा अर्थ काय गं?"

सुनेने सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. लहानपणापासून त्या ओळी तिला तोंडपाठ होत्या. म्हणूनच त्यांचा अर्थ बापाला तिने कधी विचारला नव्हता.

"आई, सांग ना! काय म्हणायचे आजोबा?"